काउंट रमफर्ड: हवेला जागेवर बसवणारा माणूस

माझी डिग्री मेकॅनिकलची आणि नोकरी सॉफ्टवेअरची, म्हणजे आपल्याकडे नेहमीचंच. हीट ट्रान्सफर हा विषय मी शेवटच्या दोन रात्रींत नोट्सचे झेरॉक्स वाचून काढला होता. त्यामुळे एक दिवस भिंतीकडे बघत याच विषयावर डोकं खाजवायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं.

झालं असं की कंपनीने मला बॉस्टनजवळ प्रोजेक्टवर पाठवलं. बॉस्टनच्या उत्तरेला एक गाव आहे, नकाशावर वाचताना वोबर्न, पण तिथले लोक म्हणतात वूबर्न. तिथे आम्ही भाड्याने घर घेतलं. मी, बायको आणि सात महिन्यांची मुलगी. घर लाकडी. बाहेरून अगदी नवंकोरं दिसायचं, कारण मालकाने नुकतंच जुन्या भिंतीवर विनाइलचं साइडिंग बसवून घेतलं होतं. साइडिंग म्हणजे घराच्या भिंतीला बाहेरून लावतात ते आवरण, लांब पट्ट्यांचं. आता घर उबदार राहील, असं मालकाने आम्हाला सांगितलं होतं आणि आम्हीही ते मानलं.

डिसेंबर आला आणि उत्तरेकडची भिंत बर्फासारखी लागायला लागली. मुलीचा पाळणा त्याच भिंतीला लागून. हीटर रात्रभर चालू, गॅसचं बिल बघून पोटात गोळा, आणि तरी पोरीचं नाक गार. किचनसाठी घेतलेली इन्फ्रारेड थर्मामीटरची गन मी भिंतीवर मारली, तर खोलीच्या हवेपेक्षा भिंत सात अंशांनी थंड. पाळणा सरकवला. मग भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात बुरशीचे काळे ठिपके दिसले.

त्या दिवसांत मी रात्री फोनवर इन्सुलेशनबद्दल वाचत बसायचो. एकदा गूगल मॅप्सवर आमच्याच गावात एक ठिपका दिसला: रमफर्ड यांचं जन्मघर. म्हटलं हे कोण? आणि कळलं ते असं की, कपडे ऊब कशी धरतात हे ज्या माणसाने पहिल्यांदा नीट मोजून काढलं, तो आमच्या घरापासून गाडीने काही मिनिटांवर जन्मला होता. तेही लाकडी सांगाड्याच्या, बाहेरून फळ्या मारलेल्या घरात.

दुकानातला पोरगा

त्याचं मूळ नाव बेंजामिन थॉम्पसन. जन्म २६ मार्च १७५३. तेव्हा अमेरिका नावाचा देश नव्हता, मॅसॅच्युसेट्स ही इंग्रजांची वसाहत होती. वडील तो दोन वर्षांचा व्हायच्या आधीच गेले. शिक्षण जेमतेम. तेराव्या वर्षी त्याला सेलम गावात एका दुकानात उमेदवारीला लावलं. तिथे हा मागच्या बाजूला फटाक्यांची दारू बनवायला गेला, स्फोट झाला आणि चांगलाच भाजला. इंग्लंडने स्टॅम्प ॲक्ट मागे घेतला त्याच्या जल्लोषासाठी हे फटाके होते. पुढे तो आयुष्यभर इंग्लंडच्या राजाच्याच बाजूने राहिला, त्यामुळे ही गोष्ट मला मजेशीर वाटते.

शिकायची भूक मात्र जबरदस्त. गावातला मित्र लोआमी बाल्डविन आणि तो, दोघं वूबर्नहून पायी केंब्रिजला जायचे, हार्वर्डमध्ये प्रोफेसर विनथ्रॉप यांची विज्ञानाची व्याख्यानं ऐकायला. रीतसर ॲडमिशन वगैरे काही नाही. यूट्यूबवर लेक्चर बघून शिकणाऱ्यांनी याला आपला पूर्वज मानायला हरकत नाही.

१७७२ मध्ये तो शेजारच्या न्यू हॅम्पशायरमधल्या काँकॉर्ड गावात शाळामास्तर म्हणून गेला. या गावाचं आधीचं नाव रमफर्ड. तिथल्या श्रीमंत विधवेशी, सारा रोल्फशी, त्याने त्याच वर्षी लग्न केलं. तो १९ वर्षांचा आणि ती तिशी ओलांडलेली. एका झटक्यात गरीब मास्तरचा जमीनदार झाला, गव्हर्नरच्या ओळखीने मिलिशियात मेजर झाला. जुन्या अधिकाऱ्यांचा जळफळाट झाला तो वेगळाच. १७७४ मध्ये मुलगी झाली, तिचं नावही सारा.

तेवढ्यात क्रांतीचे वारे सुरू झाले आणि हा इंग्रजांचा माणूस आहे असा संशय लोकांना आला. संशय खरा होता. मे १७७५ मध्ये वूबर्नहून त्याने इंग्रज सैन्याला अदृश्य शाईने लिहिलेलं पत्र पाठवलं, त्यात बंडखोरांच्या तयारीची माहिती होती. ते पत्र आजही मिशिगन विद्यापीठाच्या संग्रहात आहे. लोकांनी चौकशी केली, पण पुरावा सापडला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याने घर सोडलं, इंग्रजांना जाऊन मिळाला आणि पुढे लंडनला गेला.

मुलगी तेव्हा वर्षाची होती. बायकोला तो पुन्हा कधीच भेटला नाही. मुलीला भेटला, पण तब्बल वीस वर्षांनी.

इथे मी वाचायचं थांबलो होतो. शेजारच्या खोलीत माझी पोरगी झोपली होती आणि हा माणूस मला आवडावा की नाही हे ठरेना. पुढे वाचलं तेव्हा तर अजूनच ठरेना. युद्धाच्या शेवटी तो इंग्रजांचा घोडदळ अधिकारी म्हणून अमेरिकेत परत आला आणि लाँग आयलंडवर हंटिंग्टन गावच्या कब्रस्तानावरच त्याने किल्ला उभारला. कबरींचे दगड उपटून त्यांच्या भट्ट्या बांधल्या, सैनिकांचे पाव भाजायला. गावातले लोक ते विसरले नाहीत.

ससा, बदक आणि थर्मामीटर

युद्ध हरल्यावर थॉम्पसन युरोपात नशीब काढायला निघाला. १७८४ मध्ये इंग्लंडच्या राजाकडून 'सर' ही पदवी मिळवून तो बव्हेरियाच्या राजाच्या, म्हणजे इलेक्टर कार्ल थिओडोरच्या, नोकरीत म्युनिकला गेला. काम होतं सैन्य सुधारायचं. सैनिकांना पगार कमी, कपडे वाईट. आता सैन्याला स्वस्त आणि उबदार कपडे द्यायचे तर कुठलं कापड खरंच उबदार आहे हे कळायला हवं. अंदाजाने सगळेच सांगायचे, पण या माणसाने मोजायचं ठरवलं.

प्रयोग इतका साधा आहे की तुम्हाला आजही समजेल. थर्मामीटरचा फुगा एका मोठ्या काचेच्या फुग्यात बसवला. दोन काचांच्या मधल्या जागेत एक-एक वस्तू भरली. लोकर, कापूस, कच्चं रेशीम, बीव्हरची फर, सशाची फर, आयडर नावाच्या बदकाची मऊ पिसं. मग सगळं उकळत्या पाण्यात तापवायचं, वितळत्या बर्फात बुडवायचं आणि पारा ठरावीक खुणेपर्यंत उतरायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. ज्याला जास्त वेळ, ते जास्त उबदार.

मधे नुसती हवा होती तेव्हा दहा मिनिटांच्या आत पारा उतरला. सशाची फर किंवा बदकाची पिसं भरली तेव्हा दुपटीहून जास्त वेळ लागला.

यात नवल काय, फर उबदार असतेच, असं तुम्ही म्हणाल. पण थॉम्पसन इथे थांबला नाही. त्याने एकच वस्तू, रेशीम, वेगवेगळ्या रूपांत भरून पाहिली. मोकळं पिंजलेलं रेशीम चांगलं निघालं आणि तेच रेशीम पिळून दोरा केला तर त्याची ऊब कमी झाली. वस्तू तीच, वजन तेच. मग पिसं थोडी, नंतर दुप्पट, नंतर चौपट भरली. त्याने हिशेब केला तेव्हा लक्षात आलं की त्या जागेत पिसांनी व्यापलेला भाग अगदी किरकोळ आहे, बाकी सगळी हवाच आहे. म्हणजे ऊब फर देत नाही. ऊब हवा धरते, आणि फर फक्त त्या हवेला हलू देत नाही.

आपल्याकडे हे पिंजाऱ्याला शेकडो वर्षं माहीत होतं. जुन्या गादीतला कापूस दबून त्याचे गोळे झाले की ऊब जाते. पिंजारी नवा कापूस घालत नाही, तोच पिंजून फुलवून देतो आणि गादी पुन्हा गरम. पिंजाऱ्याने घड्याळ लावून मोजलं नाही आणि थॉम्पसनने मोजलं, एवढाच काय तो फरक. या कामाबद्दल रॉयल सोसायटीने त्याला १७९२ मध्ये कोप्ले पदक दिलं. तेव्हाचं ते विज्ञानातलं सगळ्यात मानाचं पदक.

आता माझ्या भिंतीकडे येऊ. अमेरिकेतली लाकडी भिंत म्हणजे एक सँडविच असतं. उभे लाकडी खांब, त्यांना स्टड म्हणतात, साधारण १६ इंचांवर एक. दोन स्टडच्या मधे साडेतीन इंच जाडीची काचलोकर, म्हणजे फायबरग्लास. आतल्या बाजूला जिप्समचा बोर्ड. बाहेरच्या बाजूला प्लायवूड आणि त्याच्यावर साइडिंग. घन काच उष्णतेला स्थिर हवेपेक्षा साधारण चाळीसपट सहज जाऊ देते. तरी काचेच्या तंतूंची लोकर उत्तम इन्सुलेशन आहे, कारण ती सशाच्या फरचं काम करते. हवेला जागेवर बसवते.

अमेरिकेत इन्सुलेशन आर नावाच्या आकड्यात मोजतात, आकडा मोठा तर ऊब जास्त टिकते. साडेतीन इंच काचलोकरीचा आर साधारण १३. आणि माझ्या मालकाने हौसेने लावलेल्या विनाइलचा? साधारण ०.६. लाकडी फळ्यांचा ०.८ च्या आसपास. चार इंच जाड विटांचं आवरण दिसायला किती भक्कम, त्याचा तर अर्ध्याच्याही खाली. म्हणजे बाहेरून काय लावलं यावरून घर थेट उबदार होतच नाही. हे कळल्यावर मी मालकावर रागावलो आणि मग स्वतःवर, कारण मेकॅनिकलच्या दुसऱ्या नाही तर तिसऱ्या वर्षी मला हे शिकवलं होतं.

पण मग एवढी महागडी आवरणं कशाला? याचं उत्तर रमफर्डच्या पुढच्या शोधात आणि त्याच्या एका चुकीतही आहे.

गरम सफरचंद आणि रिकामी भिंत

थॉम्पसनला जेवताना एक गोष्ट खटकायची. शिजवलेलं सफरचंद, नाहीतर सफरचंदाचा पाय, तोंड पोळेपर्यंत गरम राहतो, पण तेवढंच पाणी लवकर निवतं. तुम्हीही अनुभवलंय हे. आमटी निवते पण पिठलं जीभ भाजतं. दोन्हीत बहुतेक पाणीच, मग फरक का?

त्याचं उत्तर त्याला खिडकीत सापडलं. स्पिरिट भरलेला एक मोठा थर्मामीटर त्याने निवायला खिडकीत ठेवला होता. उन्हात त्याला आत धुळीचे कण हलताना दिसले. मधून वर चढत होते आणि काचेच्या कडेने खाली उतरत होते. द्रव स्वतःच उष्णता उचलून फिरत होता. यालाच आपण पुस्तकात कन्व्हेक्शन किंवा अभिसरण म्हणतो. सफरचंदात आणि पिठल्यात पाणी अडकलेलं असतं, फिरू शकत नाही, म्हणून निवत नाही.

भिंतीत काहीच न भरता साडेतीन इंचांची पोकळी रिकामी ठेवली तर हेच होतं. आतल्या गरम बाजूला हवा वर चढते, बाहेरच्या थंड बाजूला खाली उतरते आणि उष्णतेची पोती वाहून नेते. रिकाम्या पोकळीचा आर फक्त १ च्या आसपास. तीच पोकळी काचलोकरीने भरली की १३. रमफर्डच्या नुसत्या हवेचा फुगा आणि सशाच्या फरचा फुगा आठवा.

इथे बाहेरच्या आवरणाचं पहिलं खरं काम येतं: वारा अडवणं. साइडिंगच्या पट्ट्यांमधून आणि मागच्या फटींतून वारा आत घुसला तर तो काचलोकरीतून फिरतो आणि जागेवर बसवलेली हवा उठवून लावतो. कागदावर आर १३, प्रत्यक्षात कितीतरी कमी. विनाइलच्या पट्ट्या तर मुद्दाम सैल टांगतात, कारण उन्हात त्या लांब होतात. त्यामुळे वारा अडवायचं काम त्यांच्या मागच्या थराने करायचं असतं, प्लायवूडवर गुंडाळलेल्या पातळ कापडासारख्या शीटने. सांधे नीट चिकटवलेले असतील तरच.

रमफर्डची चूक सांगायची राहिली. अभिसरण बघून तो इतका भारावला की हवा आणि पाणी यांच्यातून उष्णता कणाकणाने जातच नाही, फक्त प्रवाहानेच जाते, असं त्याने जाहीर केलं. ते खरं नाही. स्थिर हवेतूनही उष्णता जाते, फक्त फार हळू. स्वतःच्या प्रयोगाच्या प्रेमात पडलेला माणूस पुढचं पाऊल जास्त लांब टाकतो, कोड लिहिणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

भिकारी, तोफा आणि धूर

म्युनिकमध्ये तो चढत गेला. लष्करमंत्री झाला. १७८९ मध्ये त्याच्या सांगण्यावरून म्युनिकची मोठी बाग, इंग्लिश गार्डन, सुरू झाली. ती आजही शहराच्या मधोमध आहे. १ जानेवारी १७९० ला त्याने सैनिक रस्त्यावर उतरवून शहरातल्या भिकाऱ्यांना पकडलं आणि एका कामघरात नेलं. तिथे ऊब, गरम जेवण आणि काम. सूत काता, सैन्याचे कपडे शिवा. कमी खर्चात पोट भरणारं सूप त्याने बनवलं, बार्ली, वाटाणे आणि बटाटे यांचं. बटाटा तेव्हा तिथल्या लोकांना नको असायचा, म्हणून ओळखू येणार नाही इतका शिजवून घातला. भुकेल्यांना जेवायला मिळालं हे खरं, आणि त्यांना विचारलं कोणी नव्हतं हेही खरं. त्याच्या डोळ्यांसमोर माणूस कमी आणि सिस्टीम जास्त असायची असं मला वाटतं.

१७९२ मध्ये त्याला काउंट ही पदवी मिळाली. नाव निवडायची मुभा होती. त्याने निवडलं रमफर्ड, ज्या गावात बायको आणि मुलीला सोडलं त्या गावाचं जुनं नाव. बायको त्याच वर्षी तिकडे वारली.

पाठ्यपुस्तकात तो येतो तोफांमुळे. तेव्हा लोक मानायचे की उष्णता हा एक अदृश्य द्रव आहे, कॅलरिक. म्युनिकच्या कारखान्यात तोफेच्या नळीला भोक पाडताना धातू भयंकर तापतो हे रमफर्डने पाहिलं. त्याने बोथट पात्याने, घोड्याच्या ताकदीवर, पाण्याच्या पेटीत बुडवलेला धातू घासत ठेवला. अडीच तासांनी पाणी उकळलं, आगीशिवाय. घासत राहा, उष्णता निघत राहते, कधी संपतच नाही. मग ती साठवलेला द्रव कशी असेल? ती हालचालच असणार. हा निबंध १७९८ मध्ये रॉयल सोसायटीत वाचला गेला. लगेच सगळ्यांना पटलं नाही, पण पुढे पटलं.

लंडनमध्ये लोकांना तो आवडला वेगळ्याच कारणाने. तिथल्या घरांतल्या शेकोट्या खोलीत धूर आणि चिमणीत ऊब सोडायच्या. याने चिमणीचा घसा अरुंद केला आणि शेकोटीच्या बाजूच्या भिंती तिरक्या केल्या, म्हणजे उष्णता खोलीत परतून येईल. बड्या लोकांनी घरोघरी शेकोट्या रमफर्ड करून घेतल्या. १७९९ मध्ये त्याने लंडनला रॉयल इन्स्टिट्यूशन उभी केली आणि १८०१ मध्ये हम्फ्री डेव्ही या तरुणाला तिथे नोकरीवर घेतलं. थोड्याच काळात त्याचं बाकी मंडळींशी बिनसलं आणि तो पॅरिसला गेला. त्याचं बहुतेक सगळ्यांशी शेवटी बिनसायचं.

पांढरे कपडे

पॅरिसमध्ये १८०५ साली त्याने दुसरं लग्न केलं. कोणाशी? उष्णतेच्या द्रवाला कॅलरिक हे नाव ज्याने दिलं त्या लाव्वाझिएच्या विधवेशी. पहिल्या नवऱ्याचा सिद्धांत मोडणारा दुसरा नवरा. संसार टिकला नाही. तिला घरात पाहुण्यांची वर्दळ हवी, याला शांतता. एकदा याने पाहुण्यांसाठी फाटक बंद केलं, तेव्हा तिने याच्या लाडक्या फुलझाडांवर उकळतं पाणी ओतलं. १८०९ मध्ये दोघं वेगळे झाले.

या काळात तो वस्तूंच्या पृष्ठभागावर प्रयोग करत होता. चकचकीत पितळेच्या भांड्यात गरम पाणी भरलं आणि तसंच भांडं कापडाने गुंडाळून दुसरं ठेवलं, तर कापडवालं आधी निवलं. आपल्या अंदाजाच्या अगदी उलट. कारण चकचकीत धातू उष्णता फेकत नाही आणि कापड फेकतं. यावरून त्याने असा तर्क काढला की हिवाळ्यात पांढरे कपडे घालावेत, शरीराची ऊब कमी बाहेर जाईल. आणि तो खरंच पॅरिसच्या थंडीत पांढरी टोपी, पांढरा कोट घालून फिरायचा. लोक वळून बघायचे.

चकचकीत धातूबद्दल तो बरोबर होता, पांढऱ्या कापडाबद्दल नाही. आपण ज्या तापमानाला जगतो तिथे पांढरा आणि काळा रंग जवळपास सारखीच उष्णता फेकतात. रंगाचा फरक पडतो तो फक्त ऊन झेलताना. घराच्या आवरणालाही हेच लागू. गडद साइडिंग दुपारी उन्हात तापतं, उन्हाळ्यात एसीचं काम वाढवतं. रात्री मात्र गडद आणि फिकट दोन्ही भिंती सारख्याच थंड.

ओली भिंत

फेब्रुवारीत बर्फ वितळला आणि आमच्या भिंतीवर आतून ओल उतरली. आता मालकाला यावंच लागलं. सुताराने खिडकीखालचं विनाइल काढलं, एक प्लायवूडचा तुकडा कापला आणि आतली काचलोकर बाहेर ओढली. पिळली असती तर पाणी निघालं असतं. भिजून, दबून ती स्टडच्या अर्ध्यापर्यंत खाली बसली होती. वरचा अर्धा भाग पूर्ण रिकामा. पिंजाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर गोळा झालेली गादी.

चूक विनाइलची नव्हती, हे इथे स्पष्ट सांगतो. विनाइलच्या मागे पाणी जाणारच, ते गृहीत धरूनच ते बनवतात. खरा पाऊस अडवायचा तो मागच्या शीटने आणि खिडकीभोवतीच्या वाकवलेल्या पत्र्याने. नवं साइडिंग बसवताना हे दोन्ही वगळले होते. बाहेरून चकाचक, आत पाणी थेट लोकरीत. आणि ओली लोकर म्हणजे हवेच्या जागी पाणी. पाणी स्थिर हवेपेक्षा वीसपटीहून जास्त उष्णता पुढे सरकवतं. रमफर्डने ओलीवरही काम केलं होतं. १७८७ च्या एका निबंधात कोणतं कापड हवेतली किती ओल शोषतं ते त्याने वजन करून मांडलं. सुती-लिननच जास्त शोषतील असा त्याचा अंदाज होता आणि सगळ्यांत जास्त शोषली लोकरीने.

माझं आजोळ संगमेश्वरजवळ. तिथे मातीच्या भिंतींना पावसाळ्याआधी बाहेरून झावळ्यांचे झाप बांधायचे. भिंतीला चिकटवून नाही, थोडं अंतर सोडून. झाप भिजायचा, वाऱ्याने वाळायचा, भिंत कोरडी राहायची. तेच सुतार आता आमच्या भिंतीला करत होता. आधी शीट, सांधे चिकटवून. मग एक इंच फोमचा बोर्ड सलग, त्याचा आर साधारण ५. तो स्टडवरूनही जातो हे महत्त्वाचं, कारण लाकडी स्टडचा आर जेमतेम ४ आणि त्यांच्यातून ऊब निसटत असते. मग उभ्या पातळ पट्ट्या मारून थोडी मोकळी जागा, पाणी खाली गळायला आणि हवा फिरायला. सगळ्यात शेवटी तेच जुनं विनाइल परत.

मी सुताराला विचारलं की बाहेरच्या बाजूला हवा खेळती ठेवली तर ऊब जाणार नाही का, इतके दिवस तर मी हवा हलता कामा नये हेच वाचतोय. त्याने हसून समजावलं. त्या जागेतली हवा फिरली की विनाइलचा जो काही ०.६ होता तो गेला असं समजायचं. त्याच्या बदल्यात आतली लोकर कोरडी राहते, म्हणजे १३ हा आकडा खरोखर १३ राहतो. फोमच्या आतली हवा स्थिर हवी आणि बाहेरची हलती. विटांच्या आवरणाला तर ही जागा आणखी गरजेची, कारण वीट पाऊस पिते आणि नंतर ऊन पडलं की ती ओल आतल्या बाजूला ढकलली जाते.

काम झाल्यावर एका रविवारी आम्ही तिघं रमफर्डचं जन्मघर बघायला गेलो. दुमडलेल्या उताराचं छप्पर, बाहेरून एकावर एक चढवलेल्या लाकडी फळ्या. रमफर्ड या घरी परत आला नाही. २१ ऑगस्ट १८१४ ला पॅरिसजवळच्या ओतोय गावात वारला आणि तिथेच पुरला गेला. हार्वर्डला पैसे ठेवून गेला, जिथे तो कधी रीतसर विद्यार्थी नव्हता. मुलगी सारा १७९६ मध्ये, एकविसाव्या वर्षी, बापाला भेटायला लंडनला गेली होती. पुढे काउंटेस रमफर्ड ही पदवी घेऊन काँकॉर्डला परतली आणि १८५२ मध्ये वारली.

त्या रात्री बाहेर उणे सहा होतं. गन पुन्हा मारली. भिंत आणि खोली यांच्यात दीड अंशाचा फरक. पाळणा परत भिंतीकडे सरकवला, खिडकीतून रस्त्यावरचा दिवा तिला तिथूनच दिसतो.